बंदुकीच्या आधीची शाळा

विल्यम हचिन्सन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचं ‘डॉग ब्रेकिंग’ हे पुस्तक १८४८ साली लंडनमध्ये निघालं. त्या काळी पॉइंटर आणि सेटर हे शिकारी कुत्रे तयार करणं हे जमीनदाराच्या पदरी असलेल्या शिकाररक्षकाचं काम होतं. मालक हंगामात यायचा, आयता तयार झालेला कुत्रा घेऊन माळावर निघायचा. हचिन्सननं हे काम उचलून घरात आणलं. पहिले धडे चार भिंतींच्या आत, शिकवणारा एकच, आणि त्याच्या हातात खाऊ. तुकडा पिल्लासमोर टाकायचा, ‘टोहो’ म्हणून त्याला जागच्या जागी थांबवायचं आणि मोकळीक दिल्यावरच खाऊ द्यायचं.

यात खाण्याचा काय संबंध, असं वाटेल. तित्तर, लावा, ग्राउस हे पक्षी धोका जाणवला की गवतात दबून बसतात. पॉइंटरला त्यांचा वास आला की तो एकदम थिजतो, नाक पक्ष्याकडे, अंग ताठ. हे थिजणं, म्हणजेच पॉइंट, रक्तातलं आहे. कित्येकदा दोन महिन्यांचं पिल्लूही करून दाखवतं. पण बंदूकवाला जवळ येईपर्यंत तसंच उभं राहायचं, पक्षी भुर्रकन उडाला तरी मागे धावायचं नाही, हे रक्तात नाही. ते शिकवावं लागतं. समोर हवीशी वस्तू असताना दम धरायचा, हा तो धडा. मग वस्तू पावाचा तुकडा असो की तित्तर.

अमेरिकेत १८८२ साली एस. टी. हॅमंड यांनी हीच गोष्ट आणखी ठासून मांडली. पिल्लू लहान असतानाच गोडीनं शिकवा, चाबूक बाजूला ठेवा, असा त्यांच्या पुस्तकाचा सूर. म्हणजे शहाणपण छापून तयार होतं. तरीही पुढची ऐंशी वर्षं बहुतेक ठिकाणी चाललं ते चाबूक, खिळ्यांचा पट्टा आणि धाक यांवरच. हचिन्सनच्या पुस्तकातही खिळ्यांचा पट्टा आहेच, हे सांगायला हवं.

असं का झालं? मला याचं कारण क्रूरपणापेक्षा हिशेबात दिसतं. धंदेवाईक शिक्षकाकडे एकाच वेळी अनेक मालकांचे कुत्रे असत आणि मुदत असे काही महिन्यांची. जॉर्जिया, टेनेसीकडचे शिक्षक उन्हाळ्यात कुत्र्यांचा तांडाच घेऊन कॅनडाच्या गवताळ प्रदेशात जात. थंड हवा, मोकळं रान, भरपूर पक्षी. अशा धबडग्यात एकेका पिल्लाची मनधरणी करायला वेळ कुठला? आणि धाकाची पद्धत कोवळ्या पिल्लाला सोसत नाही. ते कायमचं दबतं. म्हणून शिक्षण वर्षभर पुढे ढकललं जाई. तोवर कुत्रा पिंजऱ्यात वाढे, हूड होई आणि मग त्याला वठणीवर आणायला धाकच लागे. पद्धतीमुळे उशीर आणि उशिरामुळे पुन्हा तीच पद्धत.

लवकर सुरुवात करणाऱ्यांतलं आपल्या ओळखीचं नाव म्हणजे जिम कॉर्बेट. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ (१९४४) वाचलेल्यांना रॉबिन आठवत असेल. पंधरा रुपयांना घेतलेलं, तीन महिन्यांचं स्पॅनियल पिल्लू. स्पॅनियल पॉइंट धरत नाही. तो झुडपातून पक्षी उठवतो आणि पडलेला आणून देतो. कॉर्बेट थोड्याच आठवड्यांत त्याला बंदुकीच्या आवाजाची सवय करायला बाहेर घेऊन गेला. बेत होता जरा दूर जाऊन बार काढायचा. पण झुडपाजवळ मोर उठला आणि पिल्लू पायाशी आहे याचा विसर पडून त्यानं तो तिथेच पाडला. रॉबिन बुजला तर नाहीच, उलट काटेरी झुडपात जखमी पक्ष्यामागे घुसला. गोष्ट म्हणून सुरेख. पण आजच्या कुठल्याही शिक्षकाच्या काळजात हे वाचून धस्स होईल. डोक्यावर अवचित झालेल्या एका बारानं चांगल्या कुळातली पिल्लं कायमची बंदुकीला बुजतात, आणि ती भीती काढणं फार जिकिरीचं असतं. आजची रीत अशी, की पिल्लू पक्ष्यामागे बेभान धावत असताना लांबून हलका, रिकाम्या काडतुसाचा आवाज करायचा. त्याचं लक्ष पक्ष्यावरून हटलं नाही, तरच पुढच्या वेळी थोडं जवळ यायचं. आवाज झाला की पक्षी मिळतो, एवढंच त्याच्या मनात रुजवायचं असतं.

१९६१ साली रिचर्ड वोल्टर्सचं ‘गन डॉग’ आलं आणि घरच्या घरी कुत्रा तयार करण्याची अमेरिकेत लाट आली. वोल्टर्सनं आधार घेतला तो मेन राज्यातल्या बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामाचा. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू माणसाशी नातं जोडतं. तो काळ वाया गेला की पुढे ते भरून काढणं अवघड, असा त्या कामाचा निष्कर्ष. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चौदा आठवडे माणसाचा संपर्क नसलेली पिल्लं जवळजवळ रानटी झालेली दिसली. वोल्टर्सनं यातून बरोबर एकोणपन्नासावा दिवस काढला: त्या दिवशी पिल्लू घरी आणा. इतका काटेकोर दिवस आज कोणी धरत नाही, आठ आठवड्यांच्या आसपासचा काळ सर्रास मानला जातो. आणखी एक गंमत. स्कॉट आणि त्यांचे सहकारी फुलर यांच्या १९६५च्या ग्रंथात ज्या पाच जातींचा मुख्य अभ्यास आहे, त्यांत पॉइंटर नाही की सेटर नाही. पक्ष्यांशी संबंध असलेला एकटा कॉकर स्पॅनियल. तरी पॉइंटरवाल्यांनी तो निष्कर्ष उचलला आणि तो लागूही पडला.

वोल्टर्सचा गाजलेला खेळ म्हणजे मासेमारीच्या गळकाठीला बांधलेला पक्ष्याचा पंख. काठी हलवली की पिल्लू झेपावतं. पंख हाती लागत नाही असं कळलं की थबकतं, एक पाय उचलून उभं राहतं. पिल्लात उपजत ओढ आहे का, हे पाहायला हा खेळ ठीक. पण अंगणात पाहुण्यांसमोर रोज तो करून दाखवणाऱ्या हौशी मालकांनी खूप पिल्लं बिघडवली. कारण हा पॉइंट डोळ्यांचा आहे, नाकाचा नाही. डोळ्यांनी शिकार शोधायला शिकलेला कुत्रा वास आल्यावर थांबत नाही, पक्षी दिसेपर्यंत पुढे सरकतो आणि पक्षी उडतो.

पुढच्या काही वर्षांत दोन गोष्टी झाल्या. १९६९ साली उत्तर अमेरिकेत बहुगुणी शिकारी कुत्र्यांची संघटना, नावडा, स्थापन झाली. सोळा महिन्यांपर्यंतच्या कुत्र्याची तिची चाचणी शिक्षणाची नसून उपजत गुणांची असते: नाक, शोध, पॉइंट, पाणी, आवाजाचा धीटपणा. परीक्षेला बहुतेक वेळा मालकच कुत्रा घेऊन येतो. घरच्या शिक्षकाला प्रतिष्ठा मिळाली ती इथे. दुसरी गोष्ट रेडिओवर चालणाऱ्या विजेच्या पट्ट्याची. सुरुवातीच्या पट्ट्यांचा झटका जबर होता, कमी-जास्त करायची सोय नव्हती, आणि चाबूक मागच्या दारानं परत आला, तोही शंभर पावलांवरून चालणारा. आजचे पट्टे सौम्य करता येतात, जाणते शिक्षक कुत्र्याला आधी येत असलेल्या आज्ञेची आठवण देण्यापुरतेच वापरतात. तरी अडाणी हातात ते नकोतच, असं माझं मत. वेल्समध्ये २०१० पासून त्यांवर बंदीच आहे.

खरी अडचण मात्र पद्धतीत नाही. दोरी, पट्टा, खाऊ, सगळं जमवता येतं. कुत्रा शेवटी शिकतो तो पक्ष्यांकडून. फार जवळ गेलं की रानपक्षी उडतो, ही शिक्षा आणि हाच धडा. अमेरिकेत यासाठी पिढ्यान्‌पिढ्या होता तो बॉबव्हाइट लावा. १९६६ पासूनच्या पक्षीगणनेत त्याची संख्या ऐंशी टक्क्यांहून अधिक घटलेली दिसते. बांधावरचं झुडूप काढून टाकणारी शेती, दाट लावलेली पाइनची झाडी, रानातला अधूनमधूनचा वणवा बंद होणं, ही त्याची कारणं. लाव्यांचे अभ्यासक हर्बर्ट स्टॉडार्ड यांनी १९३१ मध्येच लाव्याला जळिताची गरज असते हे दाखवून दिलं होतं. आता घरचा शिक्षक पाळीव पारवे वापरतो. किंवा जाळीच्या खोपटात लावे ठेवतो. काही सोडतो, काही आत राखतो. आतल्यांच्या हाकेवर बाहेरचे संध्याकाळी परत येतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उपयोगी पडतात. युक्ती झकास आहे. पण पाळलेला पक्षी रानातल्यासारखा चटकन उडत नाही, आणि पिल्लाला ते लगेच कळतं.

भारतात हा प्रश्न १९७२च्या वन्यजीव कायद्यानं वेगळ्या तऱ्हेनं मिटवला. इथल्या घरात आज कॉकर किंवा पॉइंटर असेल, तर त्याला बंदूक कधी ऐकू येणार नाही. तरी असं पिल्लू घरी आणलंत, तर नवी महागडी पुस्तकं घेण्याआधी हचिन्सनची पहिली दोन-तीन प्रकरणं वाचा. खिळ्यांच्या पट्ट्याची पानं सोडून द्या. स्वामित्वहक्क केव्हाच संपल्यामुळे ते पुस्तक फुकट वाचायला मिळतं.