लॅपटॉपचा ताप आणि पेस्टचा लेप

२०२० मध्ये टाळेबंदीत शाळा आणि कचेरी घरी आली, तेव्हा कित्येक कुटुंबांनी पोटाला चिमटा घेऊन लॅपटॉप घेतले. ते आता जुने झाले. पंखा घोंघावतो, खालची बाजू चटका देते, ऐन कामात यंत्र रेंगाळते. मग ‘प्रोसेसर गेला, नवा घ्या’ असा सल्ला मिळतो. श्रोतेहो, तो मानण्यापूर्वी हा ताप कुठून येतो, ते पाहू.

प्रोसेसर म्हणजे नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा. त्यात खर्च होणाऱ्या विजेची जवळजवळ सगळी उष्णता होते. तांब्याच्या नळ्या ती उष्णता पातळ पत्र्यांच्या जाळीपर्यंत नेतात आणि पंखा ती बाहेर फेकतो. काम जड असताना ८०-९० अंश सेल्सिअस दिसले, तर घाबरू नये. बहुतेक प्रोसेसरची मर्यादा ९५ ते १०५ अंशांच्या आसपास असते. तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे रेंगाळणे हा पुष्कळदा बिघाड नसून बचाव असतो. तापमान दाखवणारी सॉफ्टवेअर मोफत मिळतात. हलक्या कामातही आकडा मर्यादेला भिडत असेल, तर उष्णतेची वाट अडली आहे, असे मी समजतो.

वाट अडण्याचे पहिले ठिकाण म्हणजे जाळी. तिथे धुळीचा थर बसतो. लॅपटॉप गादीवर ठेवला, तर हवा घेण्याची भोकेही बुजतात. त्यात विदर्भातल्या मे महिन्यात खोली २५ ऐवजी ४० अंशांवर गेली, तर साधारण तेवढीच, १५ अंशांची, भर प्रोसेसरवरही पडते.

दुसरे ठिकाण प्रोसेसर आणि तांब्याच्या पट्टीमधले. दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत दिसले, तरी त्यांत सूक्ष्म खाचा असतात आणि खाचांत हवा. भाकरी तव्याला जिथे टेकत नाही, तिथे ती कच्ची राहते, तसेच हे. हवेची उष्णतावाहकता १ धरली, तर चांगल्या पेस्टची दीडशे ते साडेचारशे आणि तांब्याची सुमारे १५ हजार. पेस्ट हवेपेक्षा फार बरी, पण तांब्यापुढे किरकोळ. म्हणून ती खाचा भरण्यापुरतीच हवी. जाड लेप उलट अडथळा ठरतो.

पेस्ट निवडताना पाकिटावरच्या आकड्यामागे फार धावू नका. लॅपटॉप वारंवार तापतो आणि निवतो. त्या आकुंचन-प्रसरणात पातळ पेस्ट कडेला सरकते. म्हणून घट्टसर, वीज न वाहणारी पेस्ट घ्यावी. गॅलियमयुक्त ‘लिक्विड मेटल’ घरगुती दुरुस्तीत टाळावे. ते वीज वाहते, आणि ॲल्युमिनियमला लागले तर ते पोखरते.

हमी चालू असेल, तर झाकण उघडू नका. नसेल, तर उघडताच आधी बॅटरीची जोडणी सोडवा. पंखा काडीने अडवून धूळ उडवा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि सिलिकॉनचा पूर्ण तुकडा झाकेल इतकाच पातळ थर द्या. शेजारच्या चिपांवरच्या मऊ पट्ट्या मात्र काढू नका. तिथली फट पेस्टने भरत नाही.

हात धजत नसेल, तर कारागिराकडून हेच करून घ्या. त्याआधीचे आणि नंतरचे तापमान टिपून ठेवा. नवा लॅपटॉप घ्यायचा की नाही, हे त्या दोन आकड्यांवरून ठरवणे सोपे जाते.