मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर किती, वेळ किती?

आपल्या मंडळातील अनेक कुटुंबांची मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत. त्यांच्याकडे पहिल्यांदा जाणारे आजी-आजोबा हमखास विचारतात, "नक्की किती तास बसायचं?" तिकिटावरचे आकडे पाहून याचे उत्तर लगेच मिळत नाही, म्हणून थोडा खुलासा.

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. नकाशावर पाहिले तर वाटते, विमान सरळ पश्चिमेला अरबस्तान, आफ्रिका, मग अटलांटिक असे जात असेल. पण पृथ्वी गोल आहे. घरातल्या पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो रशिया, नॉर्वेवरून आइसलँड व ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून जातो. हाच सर्वांत जवळचा मार्ग.

विमानाचा वेग ताशी सुमारे ९०० किलोमीटर धरला तर १४ तास होतात. प्रत्यक्षात जाताना साधारण १६ तास लागतात आणि येताना त्याहून कमी. कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून अडवतात, येताना मागून ढकलतात. शिवाय एखाद्या देशाचे आकाश बंद असले की वळसा पडतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा अनेक उड्डाणांचा वेळ वाढला.

आता घड्याळ. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. मार्च ते नोव्हेंबर तिथली घड्याळे एक तास पुढे करतात, तेव्हा फरक साडेनऊ तासांचा होतो. समजा, जानेवारीत मुंबईहून रात्री २ वाजता निघालात आणि १६ तास लागले, तर तिथे त्याच दिवशी सकाळचे साडेसात वाजलेले असतील. तिकीट पाहून प्रवास साडेपाच तासांचा वाटेल, पण तसे नाही!

वडोदऱ्याच्या मंडळींनी यात मुंबईपर्यंतचे सुमारे ३९० किलोमीटर आणि उड्डाणाआधीचे तीन तास धरावेत. म्हणजे घरापासून घरापर्यंत पूर्ण एक दिवसाहून अधिक.

तिकीट काढताना 'नॉनस्टॉप' आहे का, हे विचारा. 'डायरेक्ट' विमान मध्ये कुठेतरी उतरू शकते. अमेरिकेत विमान बदलायचे असेल, तर सहसा पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन होते आणि सामान घेऊन पुन्हा द्यावे लागते. त्यामुळे मध्ये दोन-तीन तास तरी हवेत. चालायला त्रास होत असेल तर व्हीलचेअर तिकिटासोबतच सांगून ठेवा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे औषधे. ती हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा. "सकाळची गोळी" नक्की कोणत्या घड्याळाच्या सकाळी घ्यायची, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. इन्शुलिन घेणाऱ्यांनी तर हे विसरूच नये. विमानात हवा कोरडी असते, म्हणून पाणी पीत राहा आणि अधूनमधून उठून चार पावले चाला.