कान गेले, सूर राहिला

मुलांनो, प्रार्थनेच्या वेळी मी पेटीवर सूर देतो आणि तुम्ही तो उचलता. एखाद्याचा सूर घसरला तर त्याचं त्यालाच कळतं आणि तो सावरून घेतो. कशाने कळतं? कानाने. गळा गातो आणि कान त्याच्यावर पहारा ठेवतो. मग हा पहारेकरीच गेला तर?

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात मँडी हार्वे नावाची मुलगी विद्यापीठात गायन शिकत होती. गाण्याची शिक्षिका व्हायचं तिने ठरवलं होतं. शरीरातले सांधे आणि अवयव धरून ठेवणारे धागे कमकुवत असण्याचा एक आजार तिला होता. वयाच्या अठराव्या वर्षी, २००६ साली, त्या आजारापायी तिला कमी ऐकू येऊ लागलं आणि काही महिन्यांतच दोन्ही कान पार गेले. शिकणं सुटलं. गाणंही सुटलं.

कानात बिघडतं तरी काय? आवाजाने कानाचा पडदा थरथरतो. हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन चिमुकली हाडं ती थरथर आत पोचवतात. आत शंखासारखी वळणदार नळी असते, पाण्यासारख्या द्रवाने भरलेली. तिच्यात सुमारे १५ हजार पेशी, आणि प्रत्येकीच्या माथ्यावर बारीक केसांचा झुबका. वाऱ्यावर ज्वारीचं शेत डुलावं तसे हे झुबके डुलतात आणि नस ती वर्दी मेंदूला देते. नख कापलं तर पुन्हा वाढतं. माणसाच्या कानातल्या या पेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

म्हणून एक गोष्ट घरी जरूर सांगा. कधी कधी धडधाकट माणसाचा एक कान रातोरात बंद पडतो. लोक म्हणतात, सर्दी असेल, मळ असेल, आणि गरम तेल सोडतात. तसं करू नये. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जावं. पहिल्या काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत औषध सुरू झालं तर ऐकू परत येण्याची आशा जास्त असते.

मँडीचे कान मात्र परत आले नाहीत. तिचे वडील गिटार वाजवत. त्यांच्याबरोबर एक गाणं बसवून पाहायचं ठरलं. तिने सूर दाखवणारं यंत्र घेतलं. प्रत्येक सुराचे दर सेकंदाला ठरावीक कंप होतात. पाश्चात्त्य वादक ज्या सुराला वाद्यं जुळवतात त्याचे ४४० असतात. यंत्र ते मोजतं आणि सूर चढा की उतरता हे डोळ्यांना दाखवतं. ती सूर लावी, यंत्राकडे बघे, पुन्हा लावी. बरोबर लागला की गळा किती ताणला, छातीत कुठे घुमलं, हे ध्यानात ठेवी. असा एकेक सूर! अंधारातसुद्धा आईची भाकरी गोलच होते ना? हाताला सवय असते. तशी हिच्या गळ्याला होती.

देव एक नेतो आणि दुसरं देतो, असं म्हणतात. मला ते पटत नाही. तिला कुणी काही दिलं नाही, तिने तास न् तास घासून ते मिळवलं.

२०१७ साली तिथल्या दूरदर्शनवरच्या मोठ्या स्पर्धेत ती स्वतः रचलेलं गाणं गायली आणि शेवटी चौथी आली. गाताना पायात चप्पल-बूट काही नव्हतं. का? साथीच्या वाद्यांचा ताल जमिनीतून तळपायाला कळावा म्हणून.

स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनी तर त्याहून लहान. आठव्या वर्षी ऐकू कमी होऊ लागलं आणि बाराव्यापर्यंत जवळजवळ सगळं गेलं. शाळेतल्या गुरुजींनी त्यांना भिंतीला हात टेकायला लावले आणि नगारे वाजवले. कोणता सूर अंगात कुठे लागतो ते त्या ओळखू लागल्या. जाड सूर पायांत, बारीक सूर गळ्या-चेहऱ्याकडे. २०१२ साली लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनात त्या वाजवायला होत्या.

तुम्हीही करून पाहा. शाळेची ढोलकी मधल्या सुट्टीत व्हरांड्यात ठेवली आहे. एकाने डोळे मिटून ढोलकीच्या लाकडाला दोन्ही तळवे लावावेत, दुसऱ्याने त्याचे कान घट्ट झाकावेत, तिसऱ्याने वाजवावं. जाड बाजूची थाप कोणती आणि बारीक बाजूची कोणती, हे तळव्यावरून ओळखायचं. दहापैकी किती बरोबर आली ते शेजारच्या फळ्यावर नावासमोर लिहा.