शिवराईपासून भोकाच्या पैशापर्यंत

सोन्याच्या होनावर आणि चांदीच्या रुपयावर दिवाळी अंकांतून पुष्कळ लिहून झालं आहे. तांब्याच्या पैशाच्या वाट्याला मात्र दोन ओळी येतात. आमच्या नाणेसंग्राहकांतले काही जाणते मला आजही ऐकवतात की तांब्यातले भेद मोजत बसणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे. एका जातीचं एक चांगलं नाणं घ्यावं आणि पुढे जावं. मुलुंडला राहून मी आयुष्यभर हाच उद्योग केला आणि माझं मत पक्कं आहे. राजाच्या नावातून नाण्याचा निम्माच इतिहास कळतो. उरलेला निम्मा ठसा कोरणाऱ्याच्या हातात असतो, आणि तो फक्त या भेदांतून दिसतो.

इंग्लंडात हे कुणाला पटवावं लागत नाही. १८६० साली तिथे तांब्याची पेनी जाऊन ब्राँझची आली. त्या पहिल्याच वर्षाच्या पेनीत कडेला मणी आहेत की दाते, यावरून संग्राहक ती वेगळी काढून ठेवतात. मायकेल फ्रीमन यांनी ब्राँझ नाण्यांवर पुस्तक लिहून ठशांच्या जोड्यांना क्रमांक दिले, आणि तिथले लोक आजही त्या क्रमांकांनी बोलतात. १९३३ची पेनी जगभर गाजली, कारण ती मोजकीच पाडली होती. पण अभ्यास वाढला तो खिशात खुळखुळणाऱ्या साध्या पेनीवर.

आपल्याकडे सामग्री त्याहून श्रीमंत आहे. मुंबई बेटावर इंग्रज गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिए यांनी १६७२ मध्ये टांकसाळ घातली आणि चांदीच्या अँग्लिनाबरोबर तांब्याचं कॉपरून आणि कथलाची टिनी पाडली. दोनच वर्षांनी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि त्यांचा तांब्याचा पैसा, शिवराई, आली. त्या सोहळ्याला आलेले इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन यांच्या तहात एक कलम होतं, इंग्रजांचं नाणं महाराजांच्या मुलखात चालावं. महाराजांनी त्यासाठी सक्ती करायचं नाकारलं. नाणं कसदार आणि वजनात पुरं असेल तर लोक ते आपणहून घेतील, असा त्यांचा जबाब होता. चलनाविषयीची इतकी स्वच्छ समज त्या काळच्या फार थोड्या राज्यकर्त्यांकडे दिसते.

आता शिवराईकडे येतो आणि इथे मी घाई करणार नाही. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’, भोवती ठिपक्यांचं वलय. हा मजकूर शाहू महाराजांच्या काळात चालला, पेशवाईत चालला, पेशवाई बुडाल्यावरही बाजारात फिरत राहिला. टांकसाळी बदलल्या, मक्ते बदलले, तांब्याचा कस वरखाली झाला. नाव मात्र शिवाजी महाराजांचंच राहिलं. दीडशे वर्षांत किती कारागिरांनी ते नाव उलटं कोरलं असेल! कुणी ‘शिव’ लिहितो, कुणी ‘शीव’, कुणी ‘सिव’, कुणी ‘सीव’. एकाचा ‘ज’ डौलदार वळणाचा, दुसऱ्याचा नुसता आकडा. कुठे ओळींमध्ये बिल्वपत्र, कुठे त्रिशूळ, कुठे चंद्रकोर, कुठे चार ठिपके. शेवटच्या काळातल्या दुदांडीवर दोन आडव्या रेघा येतात आणि अक्षर पार ढासळतं.

ठसा चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे पुरा मजकूर एका नाण्यावर क्वचितच सापडतो. एकावर ‘श्री’ कापला गेलेला, दुसऱ्यावर ‘ति’ची वेलांटी बाहेर राहिलेली. म्हणून एकाच ठशाची चार-पाच नाणी शेजारी मांडून अख्खा ठसा जुळवावा लागतो, आणि तो जुळतो तेव्हाचा आनंद मला सोन्याच्या होनानेही दिला नसता. आमच्या उमेदीत शिवराई मोडीच्या दुकानात किलोवर मिळायची. ठाणे, कल्याण, नाशिक, पुण्याची तांबट आळी, रविवारचा चोरबाजार असं फिरून पिशवी भरून आणायची आणि रात्री भिंग घेऊन बसायचं. ज्या वाड्यांतून ती नाणी निघाली त्यांची गावं तेव्हा दुकानदाराला ठाऊक असत. ती आम्ही चिठ्ठीवर लिहून घेत असू.

या कामाची वाट दाखवणारे दोघे फार आधी होऊन गेले. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९९ साली मराठी राज्यातल्या चलनावर आणि टांकसाळींवर निबंध लिहिला. पाठोपाठ जस्टिन अ‍ॅबट या अमेरिकन मिशनऱ्यांनी, ज्यांनी पुढे आपल्या संतकवींना इंग्रजीत नेलं, दख्खनभरातल्या हजारो शिवराया तपासून त्यांचे लेखनभेद मांडले. पुढे महेश्वरी आणि विगिन्स यांचा मराठा टांकसाळींवरचा ग्रंथ १९८९ मध्ये नाशिकजवळच्या अंजनेरीच्या संस्थेने काढला. तो अजूनही माझ्या उशाशी असतो.

तरीही बाजारात जरा जाड, जरा ठसठशीत शिवराई दिसली की तिला ‘राज्याभिषेकाची’ म्हणून दाम लावतात आणि काही अभ्यासक म्हणवणारे त्यावर मान डोलावतात. मला हे साफ नामंजूर आहे. एकट्या वेलांटीवरून काळ ठरत नाही. वजन, वलय, अक्षराचं वळण आणि ती कोणत्या ढिगात, कोणत्या गावात सापडली, हे सगळं एकत्र पाहिल्याशिवाय महाराजांच्या हयातीतलं नाणं म्हणून कुठल्याही शिवराईवर शिक्कामोर्तब करू नये. महाराजांविषयी आदर असेल तर निदान एवढा काटेकोरपणा आपण पाळलाच पाहिजे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या पैशात मला मोह पडतो तो तराजूच्या पैशाचा. एका बाजूला कंपनीचं बदामी मोहरचिन्ह, दुसऱ्या बाजूला तराजू आणि त्यात फारसी लिपीत ‘अदल’. मुंबई इलाख्यासाठी तो १७९१ आणि १७९४ मध्ये बर्मिंगहॅमजवळ मॅथ्यू बोल्टन यांच्या सोहो कारखान्यात वाफेच्या यंत्रावर पाडला गेला. इंग्लंडची औंसभर वजनाची जाडजूड पेनी त्याच कारखान्यातून १७९७ मध्ये निघाली. म्हणजे वाफेवरचा पैसा मुंबईकराच्या हाती लंडनकराच्या आधी पडला. पेनी जमवणाऱ्या परदेशी संग्राहकांना मी हे आवर्जून सांगतो.

१८३५च्या कायद्याने सगळ्या इलाख्यांचं चलन एक झालं आणि पाव आणा आला. १८५८च्या पाव आण्यात हाराच्या टोकाला कधी एक पान असतं, कधी दोन. तेवढंच पाहून घ्यावं. व्हिक्टोरिया राणीची पुढे सम्राज्ञी झाली, १९०६ला तांब्याऐवजी ब्राँझ आलं, एडवर्ड आणि पाचवे जॉर्ज आले आणि गेले. त्यात यंत्राचा सफाईदारपणा फार, जीव थोडा. दुसऱ्या महायुद्धात तांबं वाचवायला निघालेला १९४३चा भोकाचा पैसा मात्र मजेचा आहे. त्यावर मुकुटाचे वेगवेगळे घाट आहेत आणि लाहोरच्या टांकसाळीची खूण वेगळी. सुरुवात करू पाहणाऱ्या मुलांनी याच पैशापासून करावी. तो स्वस्त आहे आणि नजर घडवतो.

आज प्रदर्शनांत गर्दी खूप दिसते. पण नाणं प्लॅस्टिकच्या बंद डबीत, वर ग्रेडचा आकडा, आणि घेणारा तो आकडाच वाचतो. कड बघता येत नाही, वजन करता येत नाही. विकणारे शिवराई नाणी आम्लात बुडवून लालभडक करतात, त्यात ठिपके झिजतात आणि ठशाचा पुरावा कायमचा जातो. गावाचं नाव तर कुणी विचारतही नाही. शिवराईच्या सगळ्या ठशांची चित्रं, वजनं आणि सापडल्याची ठिकाणं देणारी सचित्र सूची मराठीत आजही नाही, याचा मला राग येतो.

वाचकांपैकी कुणाच्या देवघरात, फडताळात, आजीच्या डब्यात असे पैसे असतील, तर ते चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका. साध्या कागदाच्या पाकिटात ठेवा, वजन करा, आणि ते कोणत्या गावातून, कुणाकडून आले हे पाकिटावर लिहा. शेतात किंवा पाया खणताना ढीग सापडला तर १८७८च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवा; ढीग फोडून वाटू नका. आणि तरुणांपैकी कुणी ती सूची करायला बसणार असेल, तर त्याने खुशाल मुलुंडला यावं. माझ्या सगळ्या चिठ्ठ्या मी त्याच्या स्वाधीन करीन.