फोटोच्या कडेला उभी असलेली मुले

काही वर्षांपूर्वी एका शाळेतील विज्ञान मेळाव्याच्या शेवटी आम्ही वर्गाचा फोटो काढला. मुले ४८, बाराबारांच्या चार रांगा, फोटोच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. इन्स्टाग्रामवर तो चढवताना चौरस चौकट समोर आली आणि आम्ही विचार न करता होकार दिला. दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षिकांचा निरोप आला : "सर, फोटोत सोळा मुले नाहीत!" चूक आमचीच होती. पण नेमकी सोळाच का? याचे उत्तर शाळेतल्या गुणोत्तराच्या गणितात आहे.

३५ मिलिमीटर फिल्मवरचे चित्र ३६ मिमी रुंद व २४ मिमी उंच असे, म्हणजे रुंदी व उंचीचे गुणोत्तर ३:२. अनेक डिजिटल कॅमेऱ्यांनी तेच पुढे चालवले. मोबाइलचा आडवा फोटो बहुधा ४:३ असतो, तर आजच्या दूरचित्रवाणीचा पडदा १६:९. इन्स्टाग्राम २०१० मध्ये सुरू झाले तेव्हा तेथे चौरस फोटोच चालत. आडव्या व उभ्या फोटोंना २०१५ मध्ये वाट मिळाली. थोडक्यात, फोटोचा आकार एक आणि त्याला मिळणारे घर दुसरे, असा हा प्रकार आहे.

एका आकाराचा आयत दुसऱ्या आकाराच्या चौकटीत बसवायचे तीन मार्ग आहेत. पहिला, ताणणे किंवा दाबणे. यात कोणी वगळले जात नाही, पण चेहरे लांबुळके होतात आणि पौर्णिमेचा चंद्र अंड्यासारखा दिसतो. ज्या चित्रावरून काही मोजायचे आहे, त्याच्या बाबतीत तर हे खोटेच ठरते. दुसरा मार्ग कापण्याचा. तिसरा म्हणजे फोटो अखंड ठेवून उरलेल्या जागेत कोऱ्या पट्ट्या भरणे. फ्रेमवाले फोटोभोवती पुठ्ठ्याचा माउंट लावतात, तसेच हे.

आता वर्गात करून पहा. चौकटीच्या कागदावर १२ सेमी × ८ सेमीचा आयत आखा. हा आपला ३:२ चा फोटो. त्यातून मधला ८ × ८ चा चौरस ठेवायचा, तर दोन्ही बाजूंना २ सेमी रुंदीची पट्टी कापावी लागेल. एकूण रुंदीचा एक-तृतीयांश भाग गेला! बाराच्या रांगेत दोन मुले डावीकडची, दोन उजवीकडची. चार रांगांत सोळा. हिशेब जुळला.

आता तोच आयत १२ × १२ च्या चौरस कागदावर मधोमध चिकटवा. वर २ सेमी आणि खाली २ सेमी जागा कोरी राहील. म्हणजे येथेही एक-तृतीयांश! हा योगायोग नव्हे. फोटोचे गुणोत्तर अ आणि चौकटीचे ब असून अ मोठा असेल, तर कापल्यावर फोटोचा ब/अ इतका भाग शिल्लक राहतो. पट्ट्या लावल्यास चौकटीचा ब/अ इतकाच भाग फोटो व्यापतो. सिद्धता विद्यार्थ्यांवर सोपवावी, दोन ओळींत होते.

आकडा एकच, पण तोटा एक नव्हे. कापताना माहिती जाते आणि त्या चित्रातून ती परत मिळवता येत नाही. पट्ट्या लावताना जाते ती केवळ कोरी जागा. शिवाय आडवा फोटो मोबाइलच्या पूर्ण रुंदीत दिसत असेल, तर वरखाली पट्ट्या लावूनही त्याची रुंदी तेवढीच राहते.

पट्टीचा रंग मात्र विचाराने निवडावा. एकच करडा रंग काळ्या पार्श्वभूमीवर उजळ आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर गडद भासतो. शेजारच्या रंगांच्या अशा परिणामाचा सविस्तर अभ्यास फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८३९ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. संध्याकाळचा काळोखा फोटो असेल तर काळ्या पट्ट्या लावून पहा, तो जरा उजळ वाटेल.

याचा अर्थ कापणे नेहमीच वाईट असे नाही. फुलावरच्या फुलपाखराचा फोटो असेल, तर आजूबाजूचे गवत खुशाल कापावे. कडेला काय आहे, हे आधी पाहावे इतकेच. आम्ही तो फोटो पांढऱ्या पट्ट्या लावून पुन्हा चढवला. मुलांचे चेहरे जरा लहान झाले, पण ४८ च्या ४८ मुले आली.

आपल्या वर्गासाठी एक प्रश्न : ४:३ चा आडवा फोटो ४:५ च्या उभ्या चौकटीत कापून बसवला, तर शंभरातली किती मुले उरतील? उत्तर आहे साठ. उरलेली चाळीस कोणती, हेही मुलांना विचारावे.