छायाचित्र ब्रेडीचे, हात दुसऱ्याचा

अमेरिकी यादवी युद्धाची (१८६१–६५) जुनी छायाचित्रे चाळताना त्यांखाली ‘ब्रेडी’ हे नाव सारखे भेटते. एका माणसाने इतक्या आघाड्या गाठल्या तरी कशा? गाठल्या नाहीतच. ब्रेडी हे माणसाचे नाव होते, तसेच पेढीचेही.

मॅथ्यू ब्रेडीने १८४४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर स्टुडिओ थाटला. नामवंतांच्या तसबिरी भिंतीवर लावायच्या. त्या बघायला आलेले गिऱ्हाईक स्वतःचीही काढून घेते, हे त्याने नेमके ओळखले होते. २७ फेब्रुवारी १८६० रोजी, कूपर युनियनमधल्या भाषणाच्या दिवशी, लिंकनही तिथे बसून गेले. त्यांची लांब मान झाकावी म्हणून ब्रेडीने कॉलर वर घ्यायला लावली.

युद्ध पेटले आणि धंदा मैदानात उतरला. छायाचित्रासाठी काचेवर कलोडियन हे चिकट द्रावण पसरायचे, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि लगोलग अंधारात धुवायची. काच वाळली की सगळे फुकट. म्हणून अंधारखोलीच घोडागाडीवर चढवावी लागली. शिवाय छायाचित्राला काही सेकंद लागत. धावपळीची लढाई काचेवर उमटणे शक्यच नव्हते. उरले ते न हलणारे: छावण्या, पडके पूल आणि प्रेते.

अँटिएटमची लढाई १७ सप्टेंबर १८६२ची. पुरायची राहिलेली प्रेते टिपली ब्रेडीच्या पेढीतल्या अलेक्झांडर गार्डनर आणि जेम्स गिब्सन यांनी. महिनाभरात ती छायाचित्रे ब्रेडीच्या न्यूयॉर्कच्या गॅलरीत लागली, ब्रेडीच्याच नावाने. घरबसल्या विजयाच्या बातम्या वाचणाऱ्या शहराने आपले मेलेले प्रथमच असे पाहिले. पुढे गार्डनरने वेगळी चूल मांडली आणि युद्धानंतरच्या आपल्या संग्रहात प्रत्येक निगेटिव्ह कोणाची, हे नाव घालून छापले.

मग ब्रेडी लबाड म्हणायचा का? मला तसे वाटत नाही. त्याची नजर अधू होती, पण पैसा त्याने ओतला, माणसे त्याने पाठवली, काचा त्याने जमवल्या. युद्ध संपल्यावर ती दृश्ये कोणाला नको होती. कर्ज वाढत गेले. १८७५ मध्ये सरकारने संग्रहासाठी २५ हजार डॉलर दिले, तेही अपुरे पडले. १८९६ मध्ये तो न्यूयॉर्कच्या इस्पितळात कफल्लक अवस्थेत वारला. तरी श्रेय वाटून घ्यायला त्याने हात आखडताच घेतला, हेही खरेच. पाच डॉलरच्या नोटेवरचे लिंकन ९ फेब्रुवारी १८६४ रोजी ब्रेडीच्याच वॉशिंग्टनच्या स्टुडिओत बसले होते. कॅमेऱ्यामागे होता अँथनी बर्जर.