आज्जीची राख आणि वाळलेला आंबा

इयरफोन लावलेत ना? आजचा विषय बसमध्ये ऐकताना कदाचित जरा जड वाटेल, पण मध्येच सोडू नका.

मागच्या महिन्यात एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. वडील गेले. तिसऱ्या दिवशी राख सावडली, अस्थी नदीत सोडल्या, आणि राख मात्र मडक्यात भरून घरी ठेवलीये. शेतात बाबांच्या नावाने झाड लावायचंय. शेवटी त्याने विचारलं, "दादा, खड्ड्यात सगळी राख टाकायची आणि वर रोप लावायचं, एवढंच ना?"

नाही रे, एवढंच नाही. आणि हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. आमच्या घरात हीच चूक झाली होती.

माझी आज्जी २०१७ च्या मे महिन्यात गेली. आमचं गाव परभणी जिल्ह्यात, काळ्या मातीचं. आत्याचं म्हणणं होतं की सगळं गंगाखेडला गोदावरीत सोडायचं. बाबांना शेतात झाड हवं होतं. दोन दिवस घरात धुसफूस चालली. शेवटी ठरलं, अस्थी गोदावरीला आणि राख झाडाला. आज्जीला लोणचं घालायची भारी हौस, म्हणून लोणच्याचा गावरान आंबा निवडला. विहिरीजवळ खड्डा काढला, काकांनी तीन घमेली राख त्यात ओतली, वर रोप ठेवलं, माती लोटली. सगळे रडलो, फोटो काढले.

ऑगस्टमध्ये पानांची टोकं करपायला लागली. नवीन पालवी पिवळी फुटली, शिरा तेवढ्या हिरव्या. दसऱ्यापर्यंत नुसती काडी उरली. आत्या काही बोलली नाही, पण बाबा त्या बाजूला जायचेच बंद झाले. घरात कुणी "आंबा वाळला" असं म्हणत नव्हतं. "आईचं झाड गेलं" म्हणायचे. म्हणून म्हणतो, ही नुसती बागकामाची टिप नाहीये.

आता झालं काय होतं, ते बघू.

माणसाच्या हाडाचा साधारण दोन तृतीयांश भाग खनिजांचा असतो, त्यात मुख्य कॅल्शियम आणि फॉस्फेट. चितेत पाणी, कार्बन आणि नायट्रोजन वाफेबरोबर, धुराबरोबर निघून जातात. नायट्रोजन म्हणजे तोच, ज्याच्यासाठी शेतकरी युरिया टाकतो. पानं हिरवी ठेवणारा हाच घटक राखेत जवळपास उरत नाही. मागे राहतं ते फॉस्फेट, चुना आणि क्षार. विद्युतदाहिनीतून किंवा गॅसदाहिनीतून मोठ्या माणसाची दोन-तीन किलो राख मिळते. गावाकडे चितेची राख सावडता, तेव्हा तिच्यात लाकडाची राख मिसळलेली असते, आणि गोवऱ्या वापरल्या असतील तर विचारूच नका, गोवऱ्यांची राख लाकडापेक्षा कितीतरी जास्त पडते. आमची तीन घमेली तिथूनच आली.

ही राख अल्कधर्मी असते. चुलीच्या राखेने भांडी घासताना हात बुळबुळीत होतात, आठवतंय? (नसेल आठवत तर आईला विचारा.) तोच हा गुण. शाळेत पीएच शिकलो होतो, ७ म्हणजे मधोमध. जळलेल्या हाडांची राख ११-१२ च्या आसपास जाते, आणि या पट्टीवर एक आकडा वाढला की अल्कता दहापट होते. आमची काळी माती आधीच ८ च्या आसपास, खाली चुनखडी. अशा मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं, हे त्याचंच लक्षण. टोकं करपली ती क्षारांमुळे. फॉस्फेट तरी कामाला यावं ना? तर तेही चुन्याबरोबर घट्ट बांधलेलं राहतं आणि झाडाला फार हळू मिळतं. थोडक्यात, कोवळ्या मुळांना आम्ही चुन्यात बसवलं होतं.

मग राख टाकायचीच नाही का? टाका, पण कमी टाका आणि पसरून टाका.

तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल खड्डा म्हणजे २७ घनफूट, जवळपास एक टन माती. एवढ्या मातीत एक किलो राख नीट कालवली तर झाडाला जाणवणारही नाही. तीच राख मुळांभोवती एका ठिकाणी ओतली की घात. आपल्याकडे खड्डे एप्रिल-मे मध्ये काढून उन्हात तापवायची पद्धत आहेच. त्याच वेळी तळाच्या मातीत राख मिसळा आणि वरच्या फूट-दीड फुटात राखेशिवाय पोयटा आणि कुजलेलं शेणखत भरा. पहिले दोन-तीन चांगले पाऊस त्यावर पडू द्या, विरघळणारे क्षार खाली जातील. मग जुलैमध्ये रोप लावा. माणूस ऑक्टोबरात गेला असेल तर घाई करू नका. कोरड्या मडक्यात राख वर्षभर ठेवली तरी काही बिघडत नाही. भरण्याआधी एकदा चाळून घ्या. खिळे, तारा, हाडात बसवलेले स्क्रू, अर्धवट जळलेलं प्लॅस्टिक, सगळं निघतं त्यातून.

ऑनलाइन विकत मिळणारे कलश बघितलेत? स्पेनच्या जेरार्ड मोलिने या डिझायनरने केलेला 'बायोस अर्न' बघा. त्यात राख खालच्या कप्प्यात आणि बी वरच्या कप्प्यात वेगळ्या मातीत असतं. युक्ती तीच आहे, मुळं आधी चांगल्या मातीत वाढू द्यायची. त्यासाठी हजारो रुपये घालवायची गरज मला तरी दिसत नाही. फावडं आणि शेणखत पुरतं.

उरलेल्या राखेचं काय? शेतात पातळ पसरा. पंडित नेहरूंनी १९५४ मध्ये मृत्युपत्र लिहिलं, त्यात थोडी राख अलाहाबादला गंगेत आणि बरीचशी विमानातून शेतांवर टाका असं सांगून ठेवलं होतं. १९६४ मध्ये ते गेल्यावर तसं केलंही गेलं. त्यांच्या मनात भावना होती, पण शेतीच्या हिशेबानेही हे बरोबरच आहे. पातळ पसरलेली राख कुणाला त्रास देत नाही.

झाड मातीप्रमाणे निवडा. काळ्या, चुनखडीच्या जमिनीत कडुनिंब, चिंच, बोर ही मंडळी निभावून नेतात. मोसंबी-संत्र्याच्या वाटेला जाऊ नका, त्यांना चुना अजिबात सोसत नाही. कोकणवाल्यांचं नशीब चांगलं. तिथली जांभ्याची माती आम्लधर्मी, तिला थोडी राख मानवते. भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, ती राखच की! फणस, जांभूळ, काहीही लावा. शहरात असाल तर सोसायटीच्या आवारात लावण्याआधी कमिटीला विचारा, आणि वड-पिंपळ भिंतीजवळ तर नकोच. महाराष्ट्रात शहरी भागातलं झाड पुढे तोडायचं तर १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे परवानगी लागते. बाबांच्या नावाचं झाड तोडायला अर्ज करायची वेळ कशाला आणता?

आणि खरी परीक्षा राखेची नसतेच, ती पाण्याची असते. पहिले तीन उन्हाळे कोण पाणी घालणार, हे रोप आणण्याआधी ठरवा. नाव घेऊन ठरवा. "आपण सगळे बघू" म्हणजे कुणीच बघत नाही. भोवती कुंपण घाला, शेळ्यांना भावना कळत नाहीत.

आता आमचं पुढे काय झालं, ते ऐका. पुढच्या उन्हाळ्यात कृषी शिकलेल्या एका ओळखीच्या काकांनी खड्डा उकरायला लावला. राख तशीच खाली थरासारखी बसलेली. त्यांनी ती आजूबाजूच्या मातीत दूरवर कालवायला लावली, शेणखत भरलं आणि म्हणाले, "इथंच लावा पुन्हा. आज्जी कुठं गेली नाही, या मातीतच आहे." यावेळी कडुनिंब लावला. पाण्याचं काम आत्याने मागून घेतलं, जी नाहीच म्हणत होती ती आत्या. सासर चार किलोमीटरवर, दर दोन दिवसांनी यायची.

परवा गावी गेलो होतो. निंब आता विहिरीच्या पत्र्याच्या वर गेलाय. बाबा त्याच्याखाली खाट टाकून पडले होते. लोणच्याच्या कैऱ्या मात्र अजून बाजारातूनच आणतो.

तुमच्या घरात असं झाड असेल तर व्हॉइस नोट पाठवा. जगलं नसेल तरी पाठवा. भेटू पुढच्या भागात.